बुटकी होत गेलेली गुढी

दिवाळी अंकात आपल्या कामाविषयी लिहिणाऱ्यांनी त्या कामात निदान हयात घालवलेली असते, अशी माझी समजूत आहे. माझे तसे नाही. आयुष्यातली चांगली वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवले, आणि पन्नाशी जवळ आल्यावर लोखंडी पाइपांची उघडी तोंडे बंद करण्याच्या धंद्यात आले. एवढ्या उशिरा आलेल्या बाईने मांडी ठोकून अनुभव सांगावेत, हे मला स्वतःलाच आगाऊपणाचे वाटते. शिवाय विषय असा, की तो पुरता सांगून होण्याआधीच समोरच्याची नजर घड्याळाकडे जाते. तरीही लिहिते आहे. एक गोष्ट मनातून जात नाही, आणि ती तोंडाने सांगायची वेळ आली की माझी वाक्ये अर्ध्यावर तुटतात. कागदावर ती पुरी होतात, एवढाच माझा आधार. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

विद्यार्थी मिळेनात म्हणून आमचा मराठी विभाग बंद झाला. हैदराबादेत मराठी घरे पुष्कळ, पण त्या घरांतली मुले वाचायची वेळ आली की आईच्या तोंडाकडे बघतात. ही तक्रार नव्हे, केवळ कारण. माझ्या थोरल्या दिरांचे गौलीगुड्यात पाइपांचे दुकान आहे आणि मागे छोटा कारखाना. "घरी बसून विचार करता, तो दुकानात बसून करा," असे ते म्हणाले, आणि मी गेले. सुरुवातीला ग्राहक आला की मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत असे. नुसते "बोला" म्हणण्यासाठी मला घसा खाकरावा लागे.

धंदा थोडक्यात सांगते. फाटक, कठडा, झोपाळ्याची चौकट, कपडे वाळत घालायचा स्टँड, गच्चीवरच्या सौरपट्ट्यांचे पाय, असे जे जे लोखंडी पाइपाचे असते आणि उघड्यावर राहते, त्याचे कुठले ना कुठले तोंड आभाळाकडे असते. त्या तोंडातून पाणी जाते, धूळ जाते, गांधीलमाश्या घर करतात. बाहेरून माणूस दरवर्षी रंग देतो, पाइप आतून गंजत राहतो. हे टाळण्याचे मार्ग तीन. आत दाबून बसवायचे प्लॅस्टिकचे बूच, वरून चढवायची टोपी, नाहीतर पत्र्याची चकती कापून तोंडावर वेल्ड करणे. बूच स्वस्त, पण आमच्याकडच्या उन्हाने काही उन्हाळ्यांत तडकते. टोपी वाऱ्याने किंवा मुलांच्या बोटांनी निघते. चकती टिकते.

चकती कोणी लावावी, तर रहमतभाईंनी. आमचे वेल्डर. ते दखनीत बोलतात, मी मराठीत, आणि आमचे कधी अडलेले नाही. विनय हा दोष त्यांच्यात नावालाही नाही. "मॅडम, मैं मारा हुआ जोड खयामत तक नई खुलता," हे वाक्य ते प्रत्येक जोडानंतर म्हणतात. एकदा त्यांनी एका बंगल्याच्या फाटकाचे सगळे पाइप असे काही बंद केले, की सुईला वाट नाही. फाटक जस्ताच्या मुलाम्यासाठी पाठवले. तिथल्या माणसाने ते न उतरवताच परत धाडले आणि दिरांना फोनवर सुनावले, की चारी बाजूंनी बंद केलेला पाइप वितळलेल्या जस्तात बुडवला तर आतली हवा फुगून फुटेल, आमची माणसे मारायची आहेत का? रहमतभाई दोन दिवस गप्प होते. त्यांच्यापुरते हे उपोषणच. तेव्हापासून आमच्याकडे नियम झाला. वरचे तोंड घट्ट बंद करायचे आणि सगळ्यांत खाली एक बारीक भोक ठेवायचे. पाणी कुठून तरी आत येणारच. त्याला जायला वाट हवी.

ग्राहकांच्या तऱ्हा सांगायच्या तर हिमायतनगरातल्या एका गृहस्थांची सांगावी लागेल. त्यांच्या गच्चीवर रात्री कोणीतरी घुमते, अशी त्यांची तक्रार होती. वास्तूचा जाणकार येऊन गेला होता, लिंबे टांगून झाली होती. गच्चीवर पाण्याच्या टाकीसाठी केलेल्या चौकटीचे आडवे पाइप दोन्ही बाजूंनी उघडे होते आणि वारा त्यांतून बासरी वाजवत होता. आम्ही बुचे बसवली, आवाज थांबला. आठवड्याने त्यांच्या पत्नीचा फोन. "बाई, एखादं बूच काढता येईल का? ह्यांना आता झोपच येत नाही. म्हणतात, घर फार गप्प झालंय."

हे असे लिहिताना मी सैलावते, आणि मूळ गोष्ट पुढे ढकलते, हे मला कळते आहे. ती सांगते.

पाडव्याला चारेक दिवस उरले असतील. दुकानात एक वृद्ध बाई आल्या. काठापदराचे लुगडे, हातात कापडी पिशवी. हिमायतनगरला तिसऱ्या मजल्यावर राहतात, नाव अनसूयाबाई. माणसे मूळची नांदेडकडची, शेती करणारी, निजामाच्या काळापासून इथे येऊन जाऊन असलेली. मी मराठी बोलते हे कळल्यावर त्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, आमची गुढी बुटकी होऊ लागली."

मला वाटले, मी नीट ऐकले नाही.

"काठी तीच हाय. तांब्या तोच. मीच उभारते. पर दरसाली गुढी खाली खाली चालली. लेकाला सांगितलं तर म्हणतो, आई, गुढी नाही, तूच वाकलीस." त्या स्वतःच हसल्या. मग हसू थांबवून म्हणाल्या, "मी वाकले, ते मला कळतंय. गुढीचं येगळं हाय."

रहमतभाईंनी मागून मान बाहेर काढली. "अम्मा, गुढीकू वेल्डिंग मारना क्या?"

"तू गप रे," अनसूयाकाकू म्हणाल्या. पाच मिनिटांची ओळख नव्हती, आणि रहमतभाई खरोखर गप्प झाले.

मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. गॅलरीला चौकोनी पाइपाचा कठडा होता, सणासाठी नुकताच पुन्हा रंगवलेला, करडा, चकचकीत. इथल्या बऱ्याच मराठी घरांत गुढीसाठी कठड्याला वेगळी नळी जोडतात. काकूंच्या यजमानांनी कठडा बसवून घेताना वेगळीच युक्ती केली होती. कोपऱ्याच्या खांबाचे वरचे तोंड मुद्दाम उघडे ठेवून घेतले होते. वर्षातून एक दिवस काठी थेट खांबात उभी राहायची. ती फार खोल जाऊ नये म्हणून त्यांनी आत वीतभर खाली लाकडाचा ठोकळा ठोकून बसवला होता. मराठी माणसाशिवाय हे कोणाला सुचणार नाही, आणि मराठी माणसाशिवाय ही चूक कोणी करणारही नाही. एका दिवसाच्या सणासाठी खांब वर्षभर आभाळाकडे आ करून उभा.

"वर्षभर उघडाच असायचा?" मी विचारले.

"छे! हे होते तवर त्यावर जर्मलचा पेला पालथा असायचा. तारेनं बांधलेला. पाडव्याला सोडायचे, सांजच्याला गुढी उतरली की पुन्हा बांधायचे. रोज सकाळी हात लावून बघायचे, हाय का जागेवर."

काकूंची सून स्नेहल चहा घेऊन आली होती. ती पुण्याची, दोघे नवराबायको संगणकाच्या कंपनीत. ती जागीच थांबली. "तो ॲल्युमिनियमचा पेला? तो मी काढला. काही वर्षांपूर्वी, बाबा गेल्यावर घर रंगवलं ना, तेव्हा. मला वाटलं, कोणीतरी उगाच अडकवून ठेवलाय." मग हळू आवाजात, "कोणी काही बोललंच नाही."

"मला तरी कुठं ठाऊक होतं, कशापायी हाय?" काकू म्हणाल्या. "त्यांची सवय, येवढंच वाटायचं."

मी मोबाइलचा दिवा खांबात धरला. ठोकळा वीतभर खाली नव्हता. पार खाली काहीतरी काळे दिसत होते. दोऱ्याला नट बांधून सोडला. तो वर आला तेव्हा ओला होता, आणि त्याला भिजलेल्या लाकडाचा चोथा लागलेला होता. ठोकळा कुजत कुजत, दरवर्षी काठीच्या भाराने खाली खाली बसत गेला होता. गुढी त्याच्याबरोबर. आणि स्पंजासारखा पाणी धरून बसलेला तो चोथा खांबाला आतून ओला ठेवत होता. मी पान्याने खांबावर टकटक केले. वरच्या बाजूला लोखंड वाजले. खाली, जिथे खांब सिमेंटात शिरतो तिथे, मडके फुटके असावे तसा आवाज आला. तिथे नव्या रंगाला एक फोड होता, वाटाण्याएवढा.

कोपऱ्याचा खांब म्हणजे दोन्ही बाजूंच्या आडव्या पाइपांचा आधार. आणि खाली तीन मजले.

तेवढ्यात काकूंचा मुलगा महेश आला. सज्जन माणूस. त्याने माझे बोलणे ऐकून घेतले, म्हणजे मी जेवढे बोलले तेवढे. मग कठड्याजवळ गेला, दोन्ही हातांनी पाइप धरला आणि गदागदा हलवला.

"बघा. ढिम्म हलत नाही."

मी हात पुढे केला आणि तो तसाच हवेत राहिला.

"मॅडम, तुम्ही म्हणता ते बरोबर असेल. पाडवा होऊ द्या. सगळे येतायत, गावाकडून काका, आत्या, पोरं. नंतर हा काढूनच टाकू, काचेचा बसवू."

"पाडव्याला इथे किती जण...?"

"सगळेच! दरवर्षीचा फोटो असतो, गुढीबरोबर," स्नेहल म्हणाली. "कठड्याला टेकून, एका ओळीत."

मी म्हणाले, "तरीही..." आणि पुढचे वाक्य आले नाही. त्या घराने मला चहा दिला, चकल्या दिल्या, आणि मी ते 'तरीही' तिथेच टाकून जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी दुकानात माझे लक्ष नव्हते. गोल बुचे मागणाऱ्याला चौकोनी दिली. महेशला फोन केला, त्याने उचलला नाही. मग संदेश लिहिला. निबंध लिहावा तसा लिहिला. त्यात 'कृपया' होते, 'शक्य झाल्यास' होते, 'आपल्या सोयीने' होते. उत्तरादाखल एक अंगठा आला.

रहमतभाई बघत होते. "क्या हुआ मॅडम? कल से ऐसा फिर रईं, जैसे कुछ खो गया."

मी सांगितले.

"तुम बोले नई क्या उनकू?"

"बोलले."

"कैसा बोले? अभी मेरेकू बोल रईं, वैसा?" त्यांनी मान हलवली. "फिर तो उनो सुनेच नई हुंगे."

मला राग आला, कारण ते खरे होते. माझा आवाज पूर्वी असा नव्हता. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत तो जात असे, ध्वनिक्षेपकाशिवाय. तो कुठे गेला, कोणास ठाऊक. विभागाच्या खोलीला कुलूप लागले तेव्हा मी तो बहुधा आतच विसरले. संध्याकाळी घरी आल्यावर मी उगाच भांडी हलवत राहिले. डोळ्यांपुढे ती ओळ येत होती. काका, आत्या, पोरे, एका ओळीत, पाठ टेकून, हसत. आणि कोणीतरी म्हणत होते, अजून थोडे मागे सरका.

पाडव्याच्या सकाळी आमची गुढी उभारली, कडुलिंब तोंडात टाकला, आणि तो गिळायच्या आतच रहमतभाईंना फोन लावला.

"मॅडम, आज तो दुकान बंद है. उगादी है."

"दुकान नको आहे. तुम्ही हवे आहात. हातोडी घेऊन या."

ते आले. काकूंच्या घराचे दार सताड उघडे होते. आत रेशमी कपड्यांची झुंबड, श्रीखंडाचा वास, सोफ्यावर गाठींच्या माळा. माझ्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. बिनबोलावता सणाच्या दिवशी दुसऱ्याच्या घरी मी आयुष्यात गेले नव्हते. दिवाणखान्याच्या पलीकडे गॅलरीत माणसे जमू लागली होती. काकू काठी हातात घेऊन उंबऱ्यावर उभ्या होत्या. एक पाहुणा मोबाइल उंच धरून म्हणत होता, "चला चला, मागं सरका, कठड्याला लागून!"

"कोणीही कठड्याला टेकायचं नाही! आत या. सगळे आत या!"

तो आवाज माझा आहे हे मला जरा उशिरा कळले. वर्ग शांत झाला. वर्ग म्हणजे ते घर. मुले पहिल्यांदा आत आली, मुलांना तो आवाज ओळखता येतो. मग मोठी माणसे. महेश मात्र जागचा हलला नाही. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"मॅडम, सणाच्या दिवशी हे काय? मी तुम्हाला म्हटलं होतं ना..."

"तुम्हीसुद्धा," मी म्हणाले. वाक्य पुरे झाले होते.

रहमतभाई हातोडी घेऊन पुढे सरसावले, पण काकूंनी त्यांना हाताने अडवले. "थांब. सणाला हातोडा नक्को." त्या गॅलरीत गेल्या, कठड्यापासून हातभर अंतर ठेवून उभ्या राहिल्या, आणि काठी, अजून वस्त्र न नेसवलेली नुसती काठी, खांबाच्या तोंडात सोडली. ती खाली गेली. "बघ," त्या मुलाला म्हणाल्या. "मागच्या साली इथवर होती." मग दोन्ही हातांनी त्यांनी काठी खाली रेटली, जोर फार नव्हता, म्हाताऱ्या माणसाचा असतो तेवढाच.

खांबाच्या पायथ्याशी तो वाटाण्याएवढा फोड उकलला. करड्या रंगाचा पापुद्रा कागदासारखा फाटला आणि काठीचे टोक बाहेर आले. त्यामागून तांबूस पाणी आले, गॅलरीच्या फरशीवरून रांगोळीकडे वाहत गेले.

आतापर्यंत माझ्याकडे रागाने बघणारा महेश उंबऱ्यावर बसला. त्याचा धाकटा मुलगा त्याच्या गळ्यात हात टाकून उभा होता, आणि महेश त्याचा हात सोडत नव्हता.

रहमतभाईंनी दोरीने तो कोपरा खिडकीच्या गजांना बांधून टाकला. गॅलरीचे दार लावले. गुढी आतून, खिडकीच्या जाळीला बांधून उभारली. तांब्या जवळजवळ छताला टेकला.

काकूंनी मान वर करून पाहिले. "आता कशी झाली! उंच."

नंतरचे काम धंद्याचे होते. जुना कठडा काढून टाकला. काचेचा नको, असे महेशच म्हणाला. नव्या कठड्याच्या प्रत्येक खांबावर रहमतभाईंनी चकती मारली, खाली भोके ठेवली, आणि खयामतीचे वाक्य म्हटले. गुढीसाठी कठड्याच्या बाहेरच्या अंगाला वेगळी आखूड नळी जोडली, वरून उघडी, खालूनही उघडी, आत एक आडवा खिळा. पाणी आले तसे जाईल. काकूंनी पिशवीतून तो जर्मलचा पेला काढला; त्यांनी तो जपून ठेवला होता.

"काकू, ह्या नळीला पेल्याची गरज नाही," मी म्हणाले.

"आसू दे."

स्नेहलने तो त्यांच्या हातातून घेतला आणि तारेने स्वतः बांधला. गाठ दोनदा तपासली.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती लिहिली नसती. चांगली गोष्ट आहे, सांगून मोकळे व्हावे अशी. पण त्या घरात गुढी होती म्हणून काहीतरी डोळ्यांदेखत खाली गेले, आणि ते ओळखणारी एक बाई होती. जिथे गुढी नाही, तिथे खाली काय जाणार? तेव्हापासून मी रस्त्याने मान वर करून चालते. माणसांना धडकते, माफी मागते, पुन्हा वर बघते. तडकलेली बुचे, उडालेल्या टोप्या, काळी चौकोनी तोंडे. सगळे खांब कुजलेले नसतात, हे मी जाणते. कुठले कुजलेले आहेत, हे खालून दिसत नाही. आणि प्रत्येक दारावरची घंटा वाजवणारी बाई ही शेवटी वेडीच ठरते.

काचीगुड्याला माझ्या घरासमोर एक इमारत आहे. तिथल्या तिसऱ्या मजल्यावरची एक बाई संध्याकाळी लेकराला कडेवर घेऊन कठड्याला रेलते आणि त्याला स्टेशनाकडची गाडी दाखवते. त्यांच्या कठड्याच्या एकाही खांबावर बूच नाही. मी वर जाऊन सांगितले. घरातल्या गृहस्थांनी मला बसवले, पाणी दिले, आणि हसून तेलुगूत म्हणाले, "एम् कादम्मा." काही होत नाही, अम्मा. मी पुन्हा एकदा गेले. तेव्हाही तेच पाणी, तेच हसू. रहमतभाई म्हणतात, "मॅडम, वो वाला आवाज निकालो ना, पाडवेवाला." पण तो मागितल्याने येत नाही.

दिवाळी आली म्हणून त्यांनी कठड्याला नवा रंग दिला आहे. हिरवा, सुरेख. मी हे लिहिते आहे त्या खिडकीतून तो दिसतो. कठड्यावर दुपटे वाळत घातले आहे. आज मी पुन्हा जाणार आहे, बुचांची पिशवी आणि एक पाना घेऊन.

तुमच्या गॅलरीच्या कठड्याचे खांब वरून बंद आहेत का?